बाळ मुलगा की मुलगी हे जन्मतः सांगता येत नाही तेव्हा काय करायचं

जन्मलेल्या बाळाकडे पाहून मुलगा की मुलगी हे सांगता येत नसेल, तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खरी घाई एकाच गोष्टीची असते: बाळाच्या अंगातलं मीठ टिकतंय की लघवीवाटे निघून चाललंय, हे बघण्याची. नाव, बारसं, दाखला, ऑपरेशन हे सगळं थांबू शकतं. घरोघरी होतं मात्र उलटं. पेढे वाटायचे की बर्फी यावर नातेवाईक अडून बसतात, कुणीतरी ‘लगेच ऑपरेशन करून टाका’ म्हणतं, आणि बाराव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं होतं तरी त्याच्या रक्तातलं सोडियम कुणी बघितलेलं नसतं.

हे लिखाण सोलापूर शहर-जिल्ह्यातल्या आईवडिलांसाठी, आजी-आजोबांसाठी आणि आशाताईंसाठी आहे. यातले डोस डॉक्टरांचं बोलणं समजावं आणि चूक लक्षात यावी म्हणून दिले आहेत. आपल्या बाळाचा आकडा त्याच्या डॉक्टरांनीच लिहून द्यायचा.

पहिला दिवस

जननेंद्रियावरून ठरवता येत नाही असं बाळ साधारण साडेचार ते साडेपाच हजार जन्मांमागे एक असतं. ग्रहण पाळलं नाही, आईनं काही खाल्लं, कुणाची नजर लागली, यातलं काहीही त्याचं कारण नसतं. गर्भाच्या पहिल्या सहा-सात आठवड्यांत सगळ्याच बाळांची घडण सारखी असते. पुढे गुणसूत्रं, वृषण किंवा बीजांडकोश आणि संप्रेरकं मिळून ती वेगवेगळ्या वाटांनी नेतात. या वाटेवर एखादं एन्झाइम कमी पडलं किंवा एखाद्या संप्रेरकाला शरीरानं दाद दिली नाही, की बाहेरची घडण वेगळी होते. अशा बाळांना आंतरलिंगी म्हणतात. रुग्णालयाच्या कागदांवर बहुतेक ‘डीएसडी’, म्हणजे लैंगिक घडणीतला फरक, असं लिहिलेलं दिसेल.

डॉक्टरांनी त्याच दिवशी काही गोष्टी हातानं तपासून लिहून ठेवायला हव्यात. जांघेत किंवा खालच्या घड्यांत गोळी लागते का, एका बाजूला की दोन्ही? लघवीचं छिद्र नेमकं कुठे आहे? लिंग हलक्या हातानं ताणून किती सेंटिमीटर भरतं? स्तनाग्रं आणि खालची कातडी नेहमीपेक्षा काळसर आहेत का? यात सर्वांत महत्त्वाची ती गोळी. जांघेच्या खाली हाताला लागणारी गोळी बहुतेक वेळा वृषण असते. दोन्ही बाजूंना काहीच लागत नसेल, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते बाळ सीएएचचं समजून चालायचं. सीएएच म्हणजे कंजेनायटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेजिया, आणि जीव घेणारा आजार तोच.

काही बाळं दिसायला स्पष्ट असतात, तरी त्यांचीही हीच तपासणी व्हायला हवी: पूर्ण दिवसांचा ‘मुलगा’ पण दोन्ही वृषण हाताला लागत नाहीत; लघवीचं छिद्र खाली आहे आणि शिवाय एक वृषण उतरलेला नाही; ताणलेलं लिंग अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी; ‘मुलगी’ पण शिश्निका (मुलींच्या लघवीच्या छिद्राच्या वरचा छोटा उंचवटा) सेंटिमीटरच्या आसपास किंवा मोठी; ‘मुलगी’ पण जांघेत फुगवटा. यातल्या पहिल्या बाळाला ‘उतरतील हळूहळू’ म्हणून घरी पाठवणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. अशा काही बाळांत आत गर्भाशय आणि बीजांडकोश व्यवस्थित असतात. सीएएचमुळे पुरुषी संप्रेरक जास्त झाल्यानं फक्त बाहेरची घडण मुलासारखी झालेली असते.

लघवीची धार येते का, हे पहिल्या चोवीस तासांत बघा. छिद्रच नसेल किंवा पोट फुगून लघवी अडली असेल, तर ते लगेच शस्त्रक्रियेचं काम. छिद्र खाली असलेल्या बाळाची सुंता किंवा खतना करू नये, घरी नाही आणि दवाखान्यातही नाही. पुढे दुरुस्ती करायची ठरली, तर सर्जनला तीच कातडी लागते.

मीठ जाणारं बाळ कसं ओळखायचं

मूत्रपिंडांच्या माथ्यावर अ‍ॅड्रिनल नावाच्या दोन छोट्या ग्रंथी असतात. शरीरातलं मीठ धरून ठेवणारं आणि आजारपणात जीव तगवणारं अशी दोन्ही संप्रेरकं त्या बनवतात. सीएएचमध्ये ही दोन्ही कमी पडतात, आणि त्यांचा कच्चा माल पुरुषी संप्रेरकाकडे वळतो. क्लासिक, म्हणजे तीव्र प्रकारच्या, सीएएचच्या सुमारे तीन-चतुर्थांश बाळांचं मीठ जातं.

पहिला आठवडा बहुधा बरा जातो. मग साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाळ दूध कमी ओढतं, उलट्या करतं, सुस्तावतं, वजन भरत नाही. घरात ‘दूध पचत नाही’, ‘दृष्ट लागली’ म्हणून गुटी उगाळली जाते. दवाखान्यात कधी जंतुसंसर्ग म्हणून, कधी जठराचं तोंड अरुंद म्हणून उपचार सुरू होतात. फरक रक्तात दिसतो. सीएएचमध्ये सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असतं, साखरही घसरलेली असू शकते. जठराच्या आजारात पोटॅशियम उलट कमी असतं. मात्र टाच टोचून, दाबून काढलेल्या रक्तात पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून हा नमुना शिरेतूनच घ्यायला सांगा.

आशाताईंकडे यासाठी आधीपासूनच हत्यार आहे: नवजात बाळाच्या घरभेटी. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, हे ठीक. पण दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ते जन्माच्या वजनावर परत यायला हवं. चौदाव्या दिवशी काटा जन्मवजनाच्या खाली आणि वर उलट्या, एवढं जमलं तर ‘पुढच्या भेटीत बघू’ म्हणायचं नाही. त्याच दिवशी सोडियम, पोटॅशियम आणि साखर तपासून घ्यायची. जननेंद्रियाबद्दल शंका असलेल्या बाळाचं सोडियम-पोटॅशियम तर काही लक्षण नसतानाही पहिले दोन आठवडे दर दोन-तीन दिवसांनी बघावं.

एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. सीएएच असलेला मुलगा बाहेरून अगदी नेहमीसारखा दिसतो. म्हणून आधीचं मूल दोन-तीन आठवड्यांचं असताना ‘उलट्या होऊन गेलं’ असा इतिहास घरात असेल, तर नव्या बाळाची तपासणी जन्मापासूनच करा. हा आजार आई आणि वडील दोघांकडून मिळून येतो, त्यामुळे मामा-भाची किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नांत तो जास्त दिसतो. सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा या पट्ट्यात अशी लग्नं नवी नाहीत, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे नातं आपणहून सांगा.

बाळ थंडगार, निपचित झालं तर १०८ बोलवा. सोलापुरातून पुणं सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. सोडियम सावरल्याशिवाय बाळाला एवढ्या प्रवासाला काढू नये. आधी जवळच्या नवजात अतिदक्षता विभागात न्या: सोलापुरात सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. पंढरपूर भागातून उपजिल्हा रुग्णालयात प्रथमोपचार करून पुढे. तिथे शिरेतून नॉर्मल सलाइन किलोमागे २० मिलिलिटर, साखर कमी असेल तर १० टक्के डेक्स्ट्रोज आणि हायड्रोकॉर्टिसोनचं (कमी पडलेल्या संप्रेरकाच्या जागी देतात त्या स्टेरॉइडचं) २५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन, एवढ्यानं बाळ काही तासांत डोळे उघडतं. पोटॅशियम असलेलं सलाइन या बाळाला लावायचं नाही. आजारी नवजात बाळाचे उपचार आणि नेण्याआणण्याची गाडी सरकारी रुग्णालयात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळ वर्षाचं होईपर्यंत मोफत आहे; ते मागून घ्या.

तपासण्या कोणत्या, कधी, आणि त्या कशा फसतात

मुख्य तपासणी १७-ओएचपी, म्हणजे सीएएचमध्ये रक्तात साचणाऱ्या एका संप्रेरकाची. जन्मल्याबरोबर ती सगळ्याच बाळांत वाढलेली असते, म्हणून नमुना ४८ तासांनंतर घ्यावा. अपुऱ्या दिवसांच्या किंवा आजारी बाळात ती तेव्हाही खोटी वाढलेली दिसते. क्लासिक सीएएचमध्ये आकडा बहुधा १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर जातो. एकक नीट वाचा. काही प्रयोगशाळा ‘प्रति डेसिलिटर’मध्ये लिहितात, तिथे हाच आकडा १०,००० होतो. दोन प्रयोगशाळांचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘शंभरपट वाढलं’ म्हणून घाबरणारे पालक आहेत, आणि त्यावरून डोस बदलला गेल्याचंही होतं. नमुना पहिल्या स्टेरॉइड डोसच्या आधी घ्यावा. पण बाळ कोसळत असेल तर नमुन्यासाठी इंजेक्शन थांबवू नये.

दुसरी तपासणी गुणसूत्रांची, म्हणजे कॅरिओटाइप. हिरव्या झाकणाच्या सोडियम हेपॅरिन नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतात. यात जिवंत पेशी वाढवाव्या लागतात, त्यामुळे नमुना गोठवायचा नाही, बर्फाला थेट टेकवायचा नाही आणि मे महिन्याच्या उन्हात कुरिअरच्या गाडीतही ठेवायचा नाही. शनिवारी काढलेला नमुना सोमवारपर्यंत टेबलावर पडून राहतो आणि ‘पेशी वाढल्या नाहीत, पुन्हा पाठवा’ असा निरोप येतो. सोमवार ते बुधवार द्या. बाळाला रक्त चढवायचं असेल, तर त्याच्या आधी द्या. रिपोर्टला आठवडा-दहा दिवस लागतात. घाई असेल तर ‘फिश’ पद्धतीनं एक्स, वाय आणि वृषण घडवणारं एसआरवाय जनुक एक-दोन दिवसांत कळतं.

काही सोनोग्राफी सेंटरवाले आणि नातेवाईकही या तपासणीला घाबरतात. त्यांना वाटतं हे लिंगनिदान कायद्यात बसतं. १९९४ चा तो कायदा गर्भातल्या बाळासाठी आहे. जन्मलेल्या बाळाची गुणसूत्रं तपासणं, पोटाची सोनोग्राफी करून गर्भाशय आहे का बघणं, हे पूर्ण कायदेशीर आहे. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाचं गर्भाशय थोडं मोठं असतं, म्हणून ही सोनोग्राफी पहिल्या आठवड्यात केलेली चांगली. नंतर ते आक्रसतं, आणि लहान बाळांचा सराव नसलेला डॉक्टर ‘गर्भाशय दिसत नाही’ असं लिहून मोकळा होतो.

सीएएच नसेल तर पुढचा प्रश्न वृषण काम करतात का, हा. त्यासाठी एएमएच, टेस्टोस्टेरॉन, एलएच आणि एफएसएच तपासतात. साधारण एक ते तीन महिन्यांच्या वयात शरीर ही संप्रेरकं आपोआप थोड्या काळासाठी वाढवतं. तेवढ्या काळात साध्या रक्ततपासणीवर जे कळतं, त्यासाठी नंतर वृषणांना चालना देणारी एचसीजीची इंजेक्शनं देऊन तपासावं लागतं. म्हणून ‘वर्षाचं झाल्यावर बघू’ हा सल्ला इथे नुकसानीचा ठरतो.

जनुकीय तपासणी शेवटी. सीएएचचं जनुक सीवायपी२१ए२. त्याच्या शेजारी त्याच्यासारखंच दिसणारं एक निकामी जनुक असतं. त्यामुळे साधी ‘सगळी जनुकं’ तपासणारी महागडी चाचणी इथे चुकू शकते. या जनुकासाठी खास पद्धत आहे का, हे पैसे भरण्याआधी विचारा.

बालसंप्रेरकतज्ज्ञ, बालशल्यविशारद आणि जनुकतज्ज्ञ एका छताखाली हवे असतील, तर सोलापूरकरांना पुण्या-मुंबईची वाट धरावी लागते. मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय आणि केईएम ही दोन्ही जवळजवळ आहेत. जाताना जन्माचं कार्ड, सगळे मूळ रिपोर्ट आणि वजनाचा तक्ता एकाच फाइलमध्ये न्या. रिपोर्टचे मोबाइलवरचे फोटो पुसट असतात आणि एकक नेमकं कडेला कापलं जातं.

सीएएच ठरलं तर घरचं औषध

हे औषध जन्मभराचं आहे, आणि ते नीट चाललं की मूल शाळेत जातं, खेळतं, वाढतं. हायड्रोकॉर्टिसोनचं प्रमाण शरीराच्या पृष्ठभागावर ठरतं: दिवसाला चौरस मीटरमागे १० ते १५ मिलिग्रॅम, तीन भागांत. तीन किलो वजनाच्या आणि पन्नास सेंटिमीटर लांबीच्या बाळाचा पृष्ठभाग साधारण ०.२ चौरस मीटर. म्हणजे दिवसाला दोन ते तीन मिलिग्रॅम, एका वेळी एकाच्या आतबाहेर. सुरुवातीला काही आठवडे डॉक्टर जास्त देतात. गोळी मिळते पाच किंवा दहा मिलिग्रॅमची, आणि सगळी गंमत बिघडते ती इथेच. सुरीनं पाच मिलिग्रॅमच्या गोळीचे पाच तुकडे करायला गेलं, की एक तुकडा मोठा, एक चुरा.

सर्वांत चांगलं म्हणजे रुग्णालयाच्या औषधालयातून वजन करून पुड्या बांधून घ्यायच्या. ते जमत नसेल आणि डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल, तर पाच मिलिग्रॅमची गोळी दोन चमच्यांच्या मध्ये पूर्ण पीठ होईपर्यंत चुरडायची, पाच मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायची, ढवळायचं, आणि ढवळतानाच सिरिंजमध्ये एक मिलिलिटर ओढायचं. हे औषध पाण्यात विरघळत नाही, तळाला बसतं. अर्धा मिनिट थांबून वरचं पाणी ओढलं तर बाळाच्या पोटात नुसतं पाणी जातं. उरलेलं टाकून द्या, पुढच्या डोससाठी ठेवू नका. दुधाच्या बाटलीत मिसळू नका. बाळानं अर्धी बाटली सोडली तर किती औषध गेलं ते कळत नाही. वाढत्या मुलात हायड्रोकॉर्टिसोनऐवजी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन परस्पर बदलून घेऊ नका, उंची खुंटते. नावसाधर्म्यानं कुणी हायड्रोकॉर्टिसोनचं मलम दिलं, तर त्याचा इथे काही उपयोग नाही.

दुसरी गोळी फ्लुड्रोकॉर्टिसोन, दिवसाला ५० ते २०० मायक्रोग्रॅम. मीठ धरून ठेवते ती ही. गोळी शंभर मायक्रोग्रॅमची असते. तालुक्याच्या मेडिकलमध्ये ती बहुधा मागवावी लागते, म्हणून घरात कायम एक महिन्याचा साठा पुढे ठेवा. पाकिटावर कोणत्या तापमानात ठेवायची ते वाचा, कारण सोलापूरचा एप्रिल-मे चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याच्या घरातलं फडताळ त्याहून तापतं.

तिसरं औषध साधं मीठ. पहिल्या वर्षात दिवसाला एक ते दोन ग्रॅम, दिवसभराच्या पाजण्यांत वाटून. चहाच्या सपाट चमच्यात पाच-सहा ग्रॅम मीठ मावतं, त्यामुळे चिमटीनं अंदाज चुकतो. याच्याही पुड्या बांधून घ्या. उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून द्या, कोरडं जिभेवर ठेवू नका, उलटी होते. ‘लो सोडियम’ मीठ या घरात आणूच नका, त्यात पोटॅशियम असतं. नारळपाण्यातही सोडियम कमी आणि पोटॅशियम भरपूर, म्हणून आजारी पडल्यावर पहिलं शहाळं फोडायची आपली सवय या मुलाच्या बाबतीत मोडायची. मोठ्या मुलाला उन्हाळ्यात मीठ घातलेलं ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी चालतं. कितीदा द्यायचं, ते रक्तदाब बघून डॉक्टर सांगतील. आईचं दूध चालूच ठेवायचं.

ताप आला, उलटी झाली

तब्येत ठीक असताना गोळ्या पुरतात. आजारपणात निरोगी माणसाची अ‍ॅड्रिनल ग्रंथी जास्त संप्रेरक सोडते. या मुलाला ते बाहेरून द्यावं लागतं. ताप १०१ फॅरनहाइटच्या वर गेला तर हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, १०२ च्या वर तिप्पट, ताप उतरेपर्यंत. फ्लुड्रोकॉर्टिसोन तेवढंच. सोबत साखरेचं पाणी थोडं थोडं. साध्या सर्दीला किंवा परीक्षेच्या ताणाला डोस वाढवायचा नाही. लसी सगळ्या वेळेवर द्या. लसीनंतर ताप आला तर हाच नियम.

डोसनंतर अर्ध्या तासात उलटी झाली तर तोच डोस पुन्हा. पुन्हा उलटी झाली, जुलाब थांबत नाहीत, मूल सुस्त झालं, झटका आला, यातलं काहीही झालं तर तोंडानं देत बसू नका. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि मग रुग्णालय. तीन वर्षांपर्यंत २५ मिलिग्रॅम, तीन ते बारापर्यंत ५०, त्यापुढे १००. शंभर मिलिग्रॅमच्या कुपीत दोन मिलिलिटर पाणी घातलं तर २५ म्हणजे अर्धा मिलिलिटर, ५० म्हणजे एक. हे आईवडील दोघांनी आणि घरातल्या आणखी एकानं सिस्टरांकडून हाताने करून शिकायचं. कुपी, पाणी, दोन सिरिंज आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका डब्यात. वारीला, यात्रेला, मामाच्या गावाला, मूल जिथे जाईल तिथे डबा. एक चुकून जास्तीचा डोस गेला तर त्यानं काही होत नाही. न दिलेल्या डोसानं मूल जातं.

शाळेत वर्गशिक्षकांना फक्त एवढं लिहून द्या: या मुलाला रोजची गोळी लागते, उलटी किंवा बेशुद्धी झाली तर या क्रमांकावर फोन करा आणि हे कार्ड डॉक्टरांना दाखवा. बाकी काही सांगायची गरज नाही.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी वजन, उंची, रक्तदाब आणि रक्ततपासणी. १७-ओएचपी अगदी नॉर्मलवर आणायचा हट्ट धरला की डोस जास्त होतो, मूल गोल होतं आणि उंची थांबते. डोस कमी पडला तर उलट: मूल झपाट्यानं वाढतं, सगळे कौतुक करतात, पण हाडं लवकर पिकून शेवटी ते बुटकंच राहतं. दोन वर्षांनंतर दरवर्षी डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात ते यासाठी.

ऑपरेशनची घाई

बाळाला मुलगा म्हणून वाढवायचं की मुलगी म्हणून, हे गुणसूत्रांचा कागद एकटा ठरवत नाही. सीएएच असलेल्या एक्सएक्स बाळाला बहुतेक वेळा मुलगी म्हणून वाढवतात, कारण गर्भाशय-बीजांडकोश चांगले असतात आणि पुढे मूल होऊ शकतं. पुरुषी संप्रेरकाला शरीर अजिबात दाद देत नसेल, म्हणजे पूर्ण एआयएसमध्ये, गुणसूत्रं एक्सवाय असली तरी मूल मुलगी म्हणूनच वाढतं. फाइव्ह-अल्फा रिडक्टेज या एन्झाइमच्या कमतरतेत मात्र लहानपणी मुलगी समजलेलं मूल वयात येताना मुलासारखं बदलतं, आणि त्यातली बरीच मुलं पुढे पुरुष म्हणून जगणं निवडतात. त्या मुलाचे वृषण बाळपणीच काढून टाकलेले असतील, तर परत फिरायला जागा उरत नाही. नाव बदलता येतं, कपडे बदलता येतात. कापलेलं परत येत नाही, म्हणून हा निर्णय मुलाला स्वतःचं मत सांगता येईपर्यंत राखून ठेवावा, असं आमचं ठाम मत आहे.

लघवी अडणं, अडकलेला हर्निया, मूत्राशय उघडं असणं, ही तातडीची कामं. शिश्निका लहान करणं, योनिमार्ग बनवणं, ‘दिसायला नीट करणं’ ही नाहीत. शिश्निकेवरच्या शस्त्रक्रियेनं संवेदना जाऊ शकते, आणि बाळपणी बनवलेला योनिमार्ग वयात आल्यावर पुष्कळदा पुन्हा करावा लागतो. उतरलेला नसलेला वृषण खाली आणून बसवणं वेगळं. ते मुलगा म्हणून वाढणाऱ्या बाळात सहा ते अठरा महिन्यांत केलेलं चांगलं.

‘कॅन्सर होईल’ म्हणून आतले वृषण काढायला सांगतात तेव्हा निदानाचं नाव विचारा. पूर्ण एआयएसमध्ये वयात येण्याआधी हा धोका शंभरात एकाहूनही कमी, म्हणून ते तारुण्यापर्यंत ठेवता येतात. वाय गुणसूत्र असलेल्या आणि नीट न घडलेल्या ग्रंथीत मात्र धोका बराच जास्त, तिथे लवकर काढणं योग्य असू शकतं. मुलीच्या दोन्ही जांघांतल्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर आधी गुणसूत्रं तपासा. पिशवीत वृषण सापडला आणि टेबलावरच काढून टाकला, असं होऊ देऊ नका. संमतीच्या कागदावर ‘कोणतीही ग्रंथी काढू नये’ असं स्वतः लिहा.

सर्जनला विचारायचं: हे आत्ता नाही केलं तर शरीराला नेमकी काय इजा होईल? पाच वर्षं थांबलो तर काय बिघडेल? यात काय काय काढलं जाईल? उत्तर ‘लोक काय म्हणतील’ किंवा ‘मोठेपणी त्याला आठवणार नाही’ याभोवती फिरत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. मद्रास उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०१९ रोजी तामिळनाडू सरकारला आंतरलिंगी बाळांवरच्या अशा शस्त्रक्रिया थांबवायला सांगितलं आणि त्याच वर्षी त्या राज्यानं, जिवाला धोका असेल तेवढं सोडून, तसा शासन आदेश काढला. तो आदेश तामिळनाडूचा, पण न्यायालयाच्या निकालातला ‘आईवडिलांची संमती म्हणजे मुलाची संमती नव्हे’ हा मुद्दा कोणत्याही सर्जनसमोर मांडता येतो.

शिकाऊ डॉक्टरांचे घोळके येऊन बाळाला उघडं करून बघत असतील, तर ‘एकानेच तपासा’ असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मोबाइलवर फोटो काढू देऊ नका.

दाखला, बारसं आणि शेजारपाजार

जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालय फॉर्म दुसऱ्याच दिवशी पाठवून टाकतं, म्हणून लेखनिकाला लगेच भेटून ‘तपासण्या चालू आहेत, थोडे दिवस थांबा’ असं डॉक्टरांच्या सहीनिशी सांगा. मुलाचं नाव नंतरही घालता येतं. नोंद चुकीची झालीच तर १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली निबंधकाकडून दुरुस्त होते.

बारसं पुढे ढकललं तर आभाळ कोसळत नाही. थांबायचं नसेल तर किरण, स्नेहल, शीतल अशी दोन्हीकडे चालणारी नावं आहेतच. विचारणाऱ्यांना एकच वाक्य घरात ठरवून ठेवा, आणि सगळ्यांनी तेच सांगा: ‘बाळ-बाळंतीण बरी आहेत, काही तपासण्या चालू आहेत.’ न्हाऊ घालायला बाई लावायची असेल तर काही आठवडे ते काम आजीनं करावं. ‘हे मूल तृतीयपंथीयांना द्यावं लागतं’ किंवा ‘देवीला सोडावं लागतं’ असं सांगणारे भेटतात. असा कोणताही नियम नाही आणि कुणाचाही या मुलावर हक्क नाही. ते तुमचं मूल आहे आणि तुमच्याच घरात वाढेल.

मुलाला मात्र खोटं सांगू नका. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘तुझं शरीर थोडं वेगळं घडलंय, म्हणून ही गोळी’ एवढं पुरतं. दहा-अकराव्या वर्षी ग्रंथी आणि संप्रेरकं सांगा, वयात येताना निदानाचं नाव आणि गुणसूत्रंही. पंधरा वर्षांपर्यंत पाळी न आलेल्या मुलीला ‘येईल गं’ म्हणून थांबवू नका. सोनोग्राफी आणि गुणसूत्रांची तपासणी तेव्हाच व्हायला हवी.

पुढचं मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी पहिल्या मुलाचा जनुकीय रिपोर्ट हातात असू द्या. सीएएचमध्ये दर गरोदरपणात पुन्हा होण्याची शक्यता चारात एक. नोंदणीकृत केंद्रात गर्भाची आजारासाठी तपासणी करता येते, लिंग सांगितलं जात नाही. गरोदरपणात आईला डेक्सामेथासोन द्यायचा उपाय कुणी सुचवला तर तो अजून प्रायोगिक आहे हे लक्षात ठेवून नकार द्या. आणि प्रसूती अशा ठिकाणी ठरवा, जिथे तिसऱ्या दिवशी १७-ओएचपी आणि सोडियम-पोटॅशियमचा नमुना घेतला जाईल.